आडनावातलं गाव: मूळ कसं शोधायचं आणि आजचा पसारा कसा मोजायचा

चांदूरकर हे आडनाव चांदुरात पडत नाही. चांदुरात सगळेच चांदूरचे, तिथं कोण कुणाला चांदूरकर म्हणेल? ते गाव सोडून जो दुसरीकडे राहायला गेला, त्याला तिथल्या लोकांनी ‘चांदूरचा’ म्हटलं आणि तेच पुढं नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर चढलं. वर्धेकर, दारव्हेकर, वणीकर, पातुरकर, अकोटकर, आर्वीकर, काटोलकर, उमरेडकर या सगळ्यांचं असंच. शोधाची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती आधी पक्की करून घ्या. मूळ गावात आडनाव सापडलं नाही तर शोध चुकला असं समजू नका. बहुतेक वेळा ते तिथं नसणंच बरोबर असतं.

जगात इतर ठिकाणीही असंच घडलं. इंग्लंडमध्ये वॉशिंग्टन हे पूर्वीच्या डरहॅम परगण्यातलं एक गाव. बाराव्या शतकात हार्टबर्न गावचा एक जमीनदार तिथं आला, ते गाव त्याच्या ताब्यात आलं आणि घराण्याला गावाचं नाव लागलं. हा दुसरा प्रकार: गाव सोडल्यामुळे नव्हे, गाव मिळाल्यामुळे पडलेलं आडनाव. त्याच घराण्याची एक शाखा १६५६ च्या सुमारास अमेरिकेत व्हर्जिनियात गेली आणि पुढं जॉर्ज वॉशिंग्टन तिथं जन्मला. आज अमेरिकेत हे आडनाव लावणाऱ्यांत मोठी बहुसंख्या कृष्णवर्णीयांची आहे, २००० च्या जनगणनेत सुमारे नव्वद टक्के. गुलामगिरी संपल्यावर अनेकांनी ते घेतलं किंवा आधीपासून चालवलं, डरहॅमशी त्यांच्यातल्या बहुतेकांचा रक्ताचा संबंध नाही. नाव एका गावचं आणि माणसं दुसऱ्याच मुळाची, असं होऊ शकतं. आपल्याकडचं आडनाव तपासताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

घरापासून सुरुवात

तहसिलीत जायच्या आधी घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्यांत वयस्क माणसांकडे बसा. आजीला आधी विचारा. पुरुषांना शेताचे तुकडे आठवतात, बायकांना नाती आणि देव आठवतात. ‘आपण मूळचे कुठले?’ एवढंच विचारलं तर ‘इथलेच’ असं उत्तर येतं. म्हणून प्रश्न बारीक करा. कुळदैवताचं ठाणं कुठं आहे? लेकराचं जाऊळ काढायला कुठं नेतात? लग्नाची पहिली पत्रिका कोणत्या देवाला ठेवतात? मातामायच्या (गावदेवीच्या) पूजेला कोणत्या गावची भावकी यायची? पणजोबाच्या वेळी सुतक कोणकोणत्या गावांत पाळायचे? सुतकाचा प्रश्न चुकवू नका. जमीन विकली जाते, घर पडतं, पण सुतकाची गावं दोन-तीन पिढ्या तरी लक्षात राहतात.

भाटाची पोथीही विचारा. कुणबी, माळी, पोवार अशा अनेक समाजांत भाट ठरावीक वर्षांनी घरी येऊन वंशावळ वाचायचे आणि नवीन नावं चढवायचे. ते आजही कुठं कुठं येतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत उपनाव आणि गावानुसार नोंदी असतात. तिथं आलेल्या पूर्वजाच्या नावापुढं मूळ गाव आणि त्या वेळचा मुक्काम अशी दोन्ही गावं लिहिलेली सापडली तर अर्धं काम एका ओळीत होतं. जाताना आडनाव, जात, माहीत असलेली सगळी गावं आणि आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या.

आडनाव सोडवून पाहणं

मराठीत गावाला ‘कर’ लागताना नाव थोडं वाकतं. आकारान्त गावाचा शेवट ‘ए’ होतो: वर्धा–वर्धेकर, दारव्हा–दारव्हेकर, चांदा–चांदेकर, हिंगणा–हिंगणेकर. ईकारान्त तसंच राहतं: वणी–वणीकर, आर्वी–आर्वीकर. पातूरचा लांब ‘तू’ पातुरकरमध्ये आखूड होतो. म्हणजे ‘–ेकर’ दिसलं की मागं जाताना ‘आ’ही धरून पाहायचा आणि ‘ए’ही. चांदेकरांचं मूळ चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर असू शकतं, पण चांदे नावाचं गाव दुसरीकडेही असू शकतं. सगळ्या शक्यता लिहून ठेवा, लगेच एक निवडू नका.

‘कर’ नसलेलीही गावाची आडनावं आहेत. वानखेडे घ्या. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यात वानखेड नावाचं गाव आहे आणि खेड–खेडे ही जोडी सरळ जुळते. उलट, ‘कर’ असून गावाचं नसलेलं आडनावही असतं. भांडारकर हे भंडाऱ्याचे नव्हेत, ते भांडाराचे म्हणजे कोठाराचे. एका अनुस्वारावर आणि एका काना-मात्रेवर इथं सगळं फिरतं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ भागातली ‘–वार’ आडनावं तर तेलुगू वळणाची. तो ‘वार’ म्हणजे ‘कर’ नव्हे, त्याचं गाव शोधायचं तर तेलुगू जाणणाऱ्या माणसाला बरोबर घ्या.

पाटील, देशमुख, देशपांडे, कुळकर्णी ही वतनाची आडनावं. पण एकाच घरात एका भावाचं पाटील आणि दुसऱ्याचं गावाचं आडनाव चढलेलं असतं, कारण शाळेत मास्तरांनी विचारलं तेव्हा प्रत्येकानं जे सुचलं ते सांगितलं. भावकीत दोन आडनावं असतील तर दोन्हींचा शोध घ्या.

गावांची यादी आणि नावसारख्या गावांचा घोळ

इथं सगळ्यांत जास्त वेळ जातो आणि इथंच बहुतेक जण चुकतात. एका नावाचं एकच गाव असेल तर काम सोपं. इंग्लंडात रॅम्सबॉटम हे आडनाव पूर्वीच्या लँकेशर परगण्यातल्या बरी शहराजवळच्या एका ठिकाणाशी जोडता येतं. पण सटन म्हणजे ‘दक्षिणेकडची वस्ती’, अशी गावं देशभर, म्हणून सटन आडनावाची मुळंही अनेक. आपल्याकडे पिंपळगाव, बोरगाव, वडगाव, सावरगाव, बोरी, हिवरा ही सटनच्या जातीची नावं. पिंपळगावकर म्हटलं की उमेदवार गावं डझनांनी निघतात.

चांदूरचंच पाहा. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आहे, चांदूर बाजार आहे आणि बुलढाण्याकडे चांदूर बिस्वा. मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली, म्हणजे ‘रेल्वे’ हे शेपूट त्या सुमाराचं किंवा नंतरचं. आडनाव त्याच्या आधीचं असेल तर त्यात हे शेपूट येणारच नाही. सिंदी रेल्वे आणि सिंदी मेघे, बोरगाव मंजू आणि बोरगाव मेघे यांचंही तसंच. बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतून आलेले, थोरलं आणि धाकटं अशा अर्थाचे शब्द. आडनावात तेही गळतात.

यादी करायला २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडा. ती विनामूल्य उतरवून घेता येते आणि तिच्यात तालुक्यावार गावं आणि प्रत्येक गावाचा सहा आकडी क्रमांक असतो. नावसारखी गावं वेगळी ठेवायला हा क्रमांकच वहीत लिहा, नुसतं नाव नको. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० मापाचा नकाशा घ्या आणि प्रत्येक उमेदवार गावावर पेन्सिलीनं खूण करा.

रिठांकडे लक्ष द्या. विदर्भात ओसाड पडलेल्या गावाला रिठ म्हणतात. महसुलात मौजा (महसुली गाव) कायम राहतो, शेतं कसली जातात, पण तिथं वस्ती नसते. पटकी, प्लेग, १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ, चोरांचा उपद्रव, पाणी आटणं, अशा कारणांनी माणसं शेजारच्या गावांत पांगली. गाव ओस पडलं की त्याचं नाव आडनावांतच उरतं, म्हणून उमेदवार यादीत रिठ असेल तर त्याला वरचा नंबर द्या. जनगणनेच्या यादीत लोकसंख्येच्या रकान्यात शून्य असलेली गावं बहुधा हीच. धरणात गेलेल्या गावांचं उलट होतं. अप्पर वर्धा किंवा गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रातली गावं त्याच नावानं दुसरीकडे वसली. नकाशावरचं आजचं ठिकाण हे आडनाव पडलं तेव्हाचं ठिकाण नसतं, म्हणून जुना नकाशाही पाहा.

कागदांत मागं जाणं

क्रम आजपासून मागं ठेवा. पणजोबापासून पुढं येऊ नका, नाहीतर त्या नावाचा भलताच माणूस धरला जातो.

जात पडताळणीची फाइल घरात असेल तर ती आधी काढा. अनुसूचित जातींना १९५०, विमुक्त-भटक्यांना १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, म्हणून त्या फाइलीत आजोबांच्या शाळेचा उतारा किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल बहुधा असतेच. नसेल तर जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत दाखलखारीज (मुलांच्या प्रवेशाचं आणि शाळा सोडल्याचं) रजिस्टर पाहायला मिळावं असा अर्ज मुख्याध्यापकांना द्या. त्यात जन्मस्थळाचा रकाना असतो. आडनावाचं पहिलं ठोस लेखी रूप बहुतेक घरांत इथंच सापडतं.

त्याच्या मागं कोतवाल बुक. तहसीलच्या अभिलेख कक्षात मौजावार बांधलेल्या वह्या असतात, कडा झिजलेल्या, पानं हाताळताना तुटणाऱ्या. ओळ साधारण अशी असते: ‘सखाराम वल्द तुकाराम, कुणबी, मुलगा’, पुढं तारीख. वल्द म्हणजे अमुकचा मुलगा. आडनाव नाही! पुष्कळ जण आडनाव शोधत पानं उलटतात आणि रिकाम्या हातानं परततात. जुन्या नोंदींत माणूस बापाच्या नावानं आणि जातीनं ओळखला जायचा. म्हणून तिथं आडनाव नव्हे, बाप-लेकांच्या नावांची साखळी शोधायची: तुकाराम वल्द गणू, मग गणू वल्द कोण. साखळीच्या किमान दोन कड्या जुळल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण एका गावात तीन तुकाराम सहज निघतात. जात आणि शेताचा नंबर जुळले तरच माणूस पक्का.

शेताचा नंबर जमिनीच्या कागदात मिळतो. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार, फेरफारावरून १९५४–५५ चं अधिकार अभिलेख पत्रक, नागपूर-वर्ध्याकडे त्याच्याही मागं बंदोबस्त मिसल, म्हणजे इंग्रजांनी जमिनीचा सारा ठरवला तेव्हाचे कागद. गावात मालगुजारी (सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडे गाव असण्याची पद्धत) होती तिथं वाजिब-उल-अर्जसुद्धा मागा. गावच्या चालीरीती आणि हक्कांची ती नोंद असते. नक्कल अर्जात मौजा, पटवारी हलका (तलाठ्याचा सज्जा) नंबर, तालुका, कागदाचं नाव आणि वर्ष स्पष्ट लिहा, कोर्ट फी तिकीट लावा. ‘आमचे सर्व जुने रेकॉर्ड द्यावे’ असा अर्ज केला की तो पडून राहतो. दाद मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून कागद पाहायला मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची.

अर्ज योग्य जिल्ह्यात करा. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला, जुनी कागदपत्रं मूळ जिल्ह्यात राहिलेली असू शकतात. १९०५ च्या आधी यवतमाळचा जिल्हा वणी नावानं ओळखला जायचा आणि वाशीमचा स्वतंत्र जिल्हाही होता. इंग्रजी कागदांत स्पेलिंग फसवतं: अचलपूरचं एलिचपूर, वाशीमचं बासिम, वणीचं वून. उच्चार तोंडानं करून पाहिला की गाव ओळखू येतं.

आणखी मागं गेलात तर लिपी मोडी आणि सन वेगळा. वऱ्हाडात निजामाच्या काळातला फसली (महसुली) सन असेल तर इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवा. उत्तरेकडच्या फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. नागपूरच्या भोसल्यांच्या कागदांवर शुहूर (अरबी) सन असेल तर ५९९ किंवा ६००. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला आणि नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, त्यामुळे दोन्ही भागांच्या कागदांची घडण वेगळी असते. नागपूरच्या शासकीय पुराभिलेखागारात मोडी कागद आहेत. मोडी वाचक बरोबर न्या, आणि फोटोची परवानगी नसेल तर ओळ न ओळ उतरवून घ्या.

आजचा पसारा मोजणं

आता दुसरी बाजू. आडनाव आज कुठं दाट आहे हे कळलं की मुळाकडं बोट दाखवता येतं.

सगळ्यांत चांगलं साधन मतदार यादी. ती निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर भागवार मिळते. मराठी यादी चित्ररूपात असते, त्यामुळे शोधपेटीत नाव टाकून सापडत नाही, डोळ्यांनी वाचावं लागतं. एका भागाला पाऊण तास धरा. उमेदवार गाव मध्यभागी ठेवून ४० किलोमीटरच्या आतली गावं घ्या. बैलबंडीनं एका दिवसात २०–२५ किलोमीटरच जाता यायचं, आणि गाव सोडणारा माणूस बहुतेक वेळा सोयरिकीच्या किंवा बाजाराच्या टापूतच थांबायचा. तालुक्याची ठिकाणं आणि नागपूर, अमरावती, अकोला वेगळी मोजा, नाहीतर गिरणी, कोळसा खाण आणि नोकरीसाठी आलेल्यांनी चित्र झाकून जातं. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून खेड्यांतून माणसं तिकडे जात राहिली.

फक्त पुरुष मोजा. लग्नानंतर बाई नवऱ्याचं आडनाव लावते, त्यामुळे दोघांना मोजलं तर आकडा फुगतो आणि गावागावांची तुलना बिघडते. नुसता आकडा न लिहिता दर हजारी प्रमाण काढा. समजा, एका खेड्यात ६४० पुरुष मतदार आणि आपल्या आडनावाचे ११, म्हणजे हजारी १७. तालुक्याच्या गावी १४,००० पुरुषांत ४२ जण, म्हणजे हजारी ३. बेचाळीस हा आकडा मोठा दिसतो, पण मूळ शोधायला ते खेडंच महत्त्वाचं.

प्रत्येक गावाचं प्रमाण नकाशावर गोल काढून दाखवा, प्रमाण जास्त तर गोल मोठा. मग लांबून पाहा. गोलांचं कडं दिसतंय आणि मध्ये एक रिकामी जागा आहे, आणि त्या रिकाम्या जागेत आडनावाचं गाव किंवा रिठ आहे, तर तुमचा अंदाज बळकट झाला. दोन वेगळी कडी दिसली तर मुळंही दोन, आणि दोन्हीकडच्या माणसांची कुळदैवतं, सुतकाची गावं वेगळी निघतात की नाही ते तपासा. गोल एकाच गावात एकवटले आणि आजूबाजूला काहीच नाही, तर तिथं एखादं घर उशिरा आलं किंवा वतनावर बसलं असं धरा. आडनाव नेमकं आडनावाच्याच गावात सगळ्यांत दाट असेल तर वतनाचा संशय आणखी बळावतो. तिथं वॉशिंग्टनसारखं गाव मिळाल्यामुळे नाव पडलेलं असू शकतं.

एका गोष्टीत कधीच घाई करू नका. आडनाव जुळलं म्हणजे भावकी जुळली असं नाही. एका गावातून कुणबी गेले, माळी गेले, तेली गेले, महार समाजातली घरं गेली, आणि नव्या गावात सगळ्यांनाच त्या गावाचं नाव लागलं. एकच आडनाव चार समाजांत दिसतं त्याचं कारण एवढंच. लग्न ठरवताना किंवा जात पडताळणीत नुसत्या आडनावाच्या आधारावर काढलेला निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. कागदातली बाप-लेकांची साखळी आणि शेताचा नंबर यांचाच आधार टिकतो.

मतदार यादीतली नावं, वय आणि घर क्रमांक वहीत उतरवू नका, आकडेच लिहा. नकाशा भावकीच्या गटावर टाकायचा असेल तरी गाव आणि प्रमाण एवढंच ठेवा.

सगळं झाल्यावर उमेदवार गावात एकदा पायी फिरा. रिठ असेल तर पांढरीची (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीची) टेकाडं, पडकी गढी, एकटं देऊळ, विहिरीचा जुना कठडा दिसतो. देवळाच्या पुजाऱ्याला विचारा की वर्षातून एकदा बाहेरगावचे कोण लोक येतात आणि कोणत्या तिथीला. ती तिथी तुमच्या घरच्या कुळाचाराच्या तिथीशी जुळली तर ती वहीच्या पहिल्या पानावर, गावाच्या सहा आकडी क्रमांकाखाली लिहून ठेवा.